पोरांपुढं नको

निपाणीच्या आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असत. जैनांचं घर, अंधार पडल्यावर तोंडात घास घालायचा नाही. इतक्या लवकर जेवल्यावर थोरांनी करायचं काय, तर बोलत बसायचं. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, माझे वडील भिंतीला पाठ लावून बसत. सगळं घर त्यांना आप्पा म्हणे. आई शेंगा फोडत बसे, आणि चिकोडीकडची आत्या आलेली असली की बैठकीला रंग चढे. हंगामात साऱ्या गावाला तंबाखूचा वास लागलेला असायचा, आमच्या पांघरुणांनासुद्धा. तो वास आजही कुठं आला तरी मला आधी आत्याचा आवाज ऐकू येतो.

गप्पा मराठीत सुरू होत. मग कुणाच्या तरी घरातली आतली गोष्ट निघे आणि आत्या आम्हा भावंडांकडे डोळे फिरवून म्हणे, "इवर मुंद ब्याड." म्हणजे, पोरांपुढं नको. त्यासरशी सगळी बैठक मराठीतून उठून कानडीत जाऊन बसे. आवाजही बदलत. मराठीत खळखळून हसणारी आई कानडीत गेली की एकदम हळू, गंभीर बोलायला लागे. कुणाचं दुखणं, कुणाची वाटणी, कुणाच्या लेकीनं काय केलं, सगळं कानडीत. आम्ही मराठी शाळेतली पोरं, आम्हाला ओ की ठो कळत नाही, अशी त्यांची खात्री होती.

आम्हाला बरंच कळत होतं. बाजारातून, बसस्टँडवरून, आत्याच्या शिव्यांमधून आम्ही एकेक शब्द गोळा केला होता. 'मदुवी' म्हणजे लग्न, हे मला फार लवकर समजलं. त्या जोरावर आक्काचं लग्न ठरतंय ही बातमी खुद्द आक्काच्या आधी मला कळली. मी ती तिला एका पिकल्या पेरूच्या बदल्यात दिली. पेरू खाऊन झाल्यावर आक्का रडायला लागली, तेव्हा मला अर्धा परत द्यावासा वाटला. असो. त्या संध्याकाळी फार गोड होत्या. आपल्याला झोप लागत चाललीय आणि थोरं माणसं न कळणाऱ्या भाषेत जगाची काळजी करतायत, यासारखं सुख मला नंतर कुठं मिळालं नाही.

लग्न होऊन मी बेळगावला आले, टिळकवाडीत. यांचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप, मी बँकेत काउंटरवर. काउंटरवर बसलं की समोरचा चेहरा बघून जीभ बदलायची. मराठी, कानडी, हिंदी, जी लागेल ती. घरात मात्र मराठी. आणि लेक जरा मोठी झाल्यावर 'पोरांपुढं नको'ची वेळ आली की कानडी. ही सवय माहेरच्या लोणच्याच्या बरणीबरोबरच आली असावी. भाजी वाढता वाढता आम्ही नवराबायको भाषा बदलायचो आणि लेकीच्या डोक्यावरून बोलायचो. ती आपली ताटातल्या भाताचे डोंगर करत बसलेली.

ती सहावीत होती तेव्हा आप्पा आजारी पडले. त्यांना निपाणीहून बेळगावच्या दवाखान्यात आणलं. लेकीचा आजोबांवर फार जीव. आम्ही तिला सांगायचो, आप्पा बरे होतायत, सुट्टीत तुला मळ्यावर नेणार आहेत. डॉक्टर खरं काय म्हणाले ते आम्ही कानडीत बोलायचो. एका दुपारी, ती शाळेत असताना, आप्पा गेले. यांचे भाऊ तिला वर्गातून घेऊन आले. ती रडली नाही. पाहुणे म्हणाले, लहान हाय, तिला काय कळतंय.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या काखेत एक गाठ लागली. तपासणीचा निकाल येईपर्यंत घरात कुणाच्या जिवात जीव नव्हता. गाठ साधी निघाली. आम्ही देवाचे आभार मानले आणि ते सगळं विसरून गेलो.

शाळा सुरू झाली आणि लेकीचं पोट दुखायला लागलं.

रोज सकाळी, दप्तर पाठीला लावलं की दुखायचं. तिची शाळा कॅम्प भागात. जुनी दगडी इमारत, शेजारी चर्च, समोर भली मोठी झाडं. फाटकापर्यंत ती स्कूटरवर गप्प बसून यायची आणि फाटकापाशी ओकायची. कशीबशी आत गेली तरी दुपारच्या आत मला बँकेत फोन यायचा, मुलीला न्यायला या. आदल्या वर्षापर्यंत ही पोर इतकी बडबडी होती की तिचे बाबा तिला आकाशवाणी म्हणायचे. ती आता विचारलं तेवढंच बोलू लागली. अर्धी भाकरी जाईना. बाकीच्या पोरी पुढं चालल्या होत्या आणि माझी लेक घराच्या उंबऱ्याला चिकटून बसली होती. ती बाहेर पडेल की अशीच राहील, एवढा एकच घोर मला लागला.

पोट दुखतंय म्हणजे पोटाचा डॉक्टर. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, जंताचं औषध झालं. शेजारच्या काकू दृष्ट काढून गेल्या. आईनं निपाणीच्या बस्तीतलं, आमच्या जैन देवळातलं गंधोदक, म्हणजे भगवंतांच्या अभिषेकाचं पाणी, बाटलीत भरून पाठवलं. तेही तिच्या डोक्याला लावलं. मी एरवी अशा गोष्टींवर तोंड वाकडं करणारी बाई, पण घाबरलेल्या आईला काहीच वर्ज्य नसतं. शेवटी मुलांचे डॉक्टरच म्हणाले, "पोटात काही नाही. हिच्या मनावर कसलं तरी ओझं आहे. समुपदेशकांकडे न्या."

मी फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे? येड लागलंय व्हय पोरीला?" 

"येड न्हाय गं. बोलायला कुणीतरी पायजे तिला."

"मग आम्ही काय मुके हाव?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

शाळेत आठवड्यातून एकदा एक समुपदेशक येत. त्यांची खोली वर्गांना लागून, आणि दार काचेचं. आत कोण बसलंय ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसे. लेक एकदा आत जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी मुली तिला 'काचेतली' म्हणायला लागल्या. मी रजा टाकून मुख्याध्यापिकांशी भांडायला गेले. भांडणाची सुरुवात इंग्रजीत केली, राग चढला तशी हिंदीवर आले आणि शेवटचं सगळं अस्सल निपाणीच्या मराठीत ओतलं. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात काचेला कागद लावून घेतला. पण मला म्हणाल्या, "तिला आमच्यापेक्षा जास्त वेळ देणारं कुणीतरी बाहेर शोधा."

शोधायला बसले तेव्हा माझी एकच अट होती. बाई मराठी पाहिजे. मन मोकळं करायचं तर ते आपल्या भाषेत, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी सीमाभागातलं माणूस. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवरून घराघरात वाद होतात. भाषेसाठी गाव बंद झालं की आम्हा पोरांना शाळेला सुट्टी मिळायची. जिथं पाटीसुद्धा आपल्या भाषेत हवी, तिथं लेकीचं दुःख दुसऱ्या भाषेत कसं सांगायचं? बेळगावात एकदोघांची नावं मिळाली, ती कानडी निघाली म्हणून मी सोडून दिली. कोल्हापूरच्या एक बाई मिळाल्या. गोड, शांत, आणि मराठी अशी की ऐकत राहावं.

मग आम्ही शनिवारी कोल्हापूरला जाऊ लागलो. वाटेत निपाणी. आईकडे थांबून चहा घ्यायचा. सोप्यातली आप्पांची जागा रिकामी असायची, तिथं कुणी बसत नसे. लेक दारातच उभी राहायची. बाबा गाडी चालवताना तिला हसवायला बघायचे, ती खिडकीतून उसाकडं बघत बसायची.

कोल्हापूरच्या बाई विचारत, "काय वाटतंय तुला, बाळा?"

"बरं वाटतंय."

"शाळेत जाताना काय होतं?"

"काही नाही. बरं असतं."

असे कितीतरी शनिवार गेले. शेवटी बाईंनी मला आत बोलावलं. "ती माझ्याशी फार चांगलं वागते," त्या म्हणाल्या. "घरी आलेल्या पाहुण्यांशी वागावं तसं. पण ती बोलत नाही. आणि एवढा प्रवास तिला झेपत नाही. तुमच्या बेळगावातच एक बाई आहेत, मुलांबरोबर छान काम करतात. धारवाडकडच्या आहेत. मराठी समजतं त्यांना, बोलता मात्र तोडकंमोडकं येतं."

परतताना गाडीत मी यांना म्हटलं, "तोडक्यामोडक्या मराठीत काय कळणार तिला माझ्या लेकीचं?"

हे सहसा माझ्यावर आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "भाषा वाचवायची हाय का पोरगी?"

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना फोन केला.

बेळगावच्या त्या बाईंची खोली एका घराच्या माडीवर होती. सतरंजी, मातीचे गोळे, एक कॅरम. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमी भायेर बसा." मी जिन्यापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. आतून कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज तेवढा येत होता. मनात म्हटलं, कॅरम तर आमच्या घरीही आहे.

दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला मी तशीच बसले होते. आतून एका मुलीचा आवाज येत होता. भरभर, न थांबता, अस्खलित कानडी. मधेच हसली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी मुलगी आधीच आत असणार आणि माझी कोपऱ्यात बसली असणार. मला त्या दुसऱ्या आईचा हेवा वाटला. मग तो आवाज म्हणाला, "अय्य!" आणि खोकला. तो खोकला मी जन्मापासून ओळखते.

माझी लेक कानडी बोलत होती.

आता यात आश्चर्य वाटायचं काय कारण होतं? कॅम्पातल्या शाळेत तिला पहिलीपासून कन्नड विषय होता. त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळाले म्हणून आम्हीच पेढे वाटले होते. मैदानावर, शाळेच्या रिक्षात, मैत्रिणींच्या घरी ती दिवसभर कानडीच बोलत असणार. आणि घरी येऊन आम्ही तिच्या डोक्यावरून तीच भाषा फेकत होतो, आत्याच्या जुन्या खात्रीनं. मी तर स्वतः 'मदुवी' ऐकून पेरू मिळवलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, आम्ही तर तो वळसा कोल्हापुरापर्यंत घातला होता.

काही आठवड्यांनी बाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. लेक मातीच्या गोळ्याला बोटानं भोकं पाडत होती. बाईंनी तिला विचारलं, मी सांगू का तू सांगतेस? ती म्हणाली, मीच. आणि तिनं कानडीत, मातीकडं बघत सांगायला सुरुवात केली. मी इथं मराठीत लिहितेय, पण ती बोलली ते कानडीत.

"घरात मराठीत सगळं बरं असतं," ती म्हणाली. "कानडीत खरं असतं."

आप्पा वाचणार नाहीत, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही भाजी वाढताना बोलत होतो आणि ती भाताचे डोंगर करत सगळं ऐकत होती. मराठीत आम्ही मळ्यावर न्यायच्या गोष्टी करत होतो, म्हणून तिनं मान डोलावली. तिला माहीत असायला नको होतं ना, मग विचारणार कसं आणि रडणार कसं? ती वर्गात असताना आप्पा गेले. आणि नंतर माझ्या गाठीचं. तेही तिनं सगळं ऐकलं होतं, कानडीत. तिच्यापुढं त्या गाठीचा मराठीत एक शब्दही निघाला नव्हता.

मग निकाल आला. आनंदाची बातमी लपवायची गरज नव्हती. यांनी निपाणीला फोन लावून सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं होतं, "काय न्हाय झालं! साधी गाठ हाय! बरी हाय ती!"

मराठीत.

आतल्या खोलीत लेकीनं ते ऐकलं, आणि तिची खात्री पटली की आता आई मरणार. आप्पांच्या वेळीही आम्ही हेच म्हणत होतो, काही नाही झालं, बरे आहेत. मरण दुपारी येतं, आपण शाळेत असताना येतं. मग शाळेत जायचंच कशाला? एवढा साधा हिशोब होता तो, आणि तो घेऊन ही अकरा-बारा वर्षांची पोर कित्येक महिने एकटी बसली होती.

यांनी तोंडावर हात घेतला. मी तिला तिथंच ओढून मिठीत घेतलं आणि म्हणत राहिले, "मला काही झालेलं नाही गं, खरंच काही झालेलं नाही." ती म्हणाली, "हो, आई." ज्या आवाजात कोल्हापूरला 'बरं वाटतंय' म्हणायची, त्याच आवाजात. मला तेव्हा कळलं की माझ्या लेकीशी बोलायला माझ्याकडं माझी मातृभाषा उरलेली नाही. याएवढं दुःख मला आप्पा गेल्यावरही झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही उजेडातच जेवायला बसलो. भाकरी वाढून झाली. मी तिच्यासमोर मांडी घातली आणि आवाज आईसारखा हळू केला. निपाणीच्या सोप्यातली आई, कानडीत गेलेली. म्हणाले, "ननग एनू आगिल्ल." मला काही झालेलं नाही.

तिनं मान वर केली.

मी थांबले नाही. सुई कशी घातली, निकाल यायच्या आधी मला किती भीती वाटली, मी मोरीत जाऊन कशी रडले, डॉक्टर काय म्हणाले, सगळं कानडीत सांगितलं. हे मधे मधे भर घालत होते. ती आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती.

"खरेन?" तिनं विचारलं. खरंच?

"खरे," मी म्हटलं.

मग तिनं विचारलं, आप्पांना शेवटी फार दुखत होतं का? हेही कानडीतच. आम्ही होतं तसं सांगितलं. तेव्हा ती आप्पांसाठी पहिल्यांदा रडली. ताटं तशीच राहिली, बाहेर अंधार पडला, आणि त्या दिवशी आमच्या घरात दिवस मावळल्यावर जेवण झालं. आप्पांनी चालवून घेतलं असतं.

सगळं एका रात्रीत सुधारलं असं नाही. माडीवरची ती खोली पुढं वर्षभर चालू राहिली. आधी अर्धी शाळा, मग पूर्ण. मधे एकदा पुन्हा पोट दुखायला लागलं, पुन्हा सुरुवातीपासून. बाईंनी आम्हाला एवढंच बजावलं होतं की तिला झेपेल तेवढं सांगा, पण खोटं सांगू नका, आणि तिच्यासमोर तिला वगळून बोलू नका. आता आम्हा दोघांना भांडायचं असलं तर आम्ही पायात चपला घालून फिरायला जातो. शेजारच्या काकूंना वाटतं, काय प्रेम आहे.

आईला हे सगळं पटायला वेळ लागला. मागच्या दिवाळीत ती आली होती. जेवताना कुणाच्या तरी सोयरिकीचा विषय निघाला, आणि सवयीनं ती कानडीत शिरली. लेकीनं ताटातून मान न काढता कानडीतच उत्तर दिलं, मुलाकडचे लोक कसे आहेत त्यासकट. आईचा घास हातात राहिला.

"आता आम्ही बोलायचं तरी कुठल्या भाषेत गं?" ती म्हणाली.

"आज्जी, तू कोकणी शिक."

"व्हय, म्हंजे तू तीबी शिकशील!"

हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं तिला सोपा आठवला, आप्पा, आत्या, हंगामातला तो वास. मलाही आठवला. ती बैठक आता पुन्हा बसणार नाही, याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

परवाची गोष्ट. मला सकाळपासून कणकण होती. तरी लेकीला सोडायला स्कूटरवरून गेले. फाटकापाशी उतरून तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "आई, तू बरी आहेस ना?" मराठीत विचारलं.

गेलं वर्षभर अशा प्रश्नाला मी कानडीतच उत्तर देत आले होते. त्या दिवशी डोकं जड होतं, सुचलं नाही, आणि तोंडून जे आलं ते माहेरच्या बोलीत आलं. "थोडा ताप हाय गं. गोळी घेतलीया. संध्याकाळी मीच येतो न्यायला."

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं डबा दप्तरात कोंबला, समोरून एक मैत्रीण येत होती तिला हाक मारली, आणि मागं वळून न बघता आत गेली. मी मराठीत सांगितलं होतं, आणि तिला तेवढं पुरलं.